देलिना बोलत नाही

"बोलणं जवळजवळ बंद," असं अर्जावर मीच लिहून दिलं होतं. तेहेतीस वर्षं फळ्यावर लिहून माझं अक्षर वळणदार झालंय, त्यामुळे आरोग्य खात्यात कुणाला ते वाचायला अडचण आली नसणार. सप्टेंबरात माझ्या थोरल्या बहिणीला, देलिनाला, अर्धांगाचा हलका झटका आला. उजवा हात आठवडाभर लुळा पडला, तोंड जरासं वाकडं झालं, मग दोन्ही बऱ्यापैकी जागेवर आलं. बोलणं मात्र आलं नाही. मी सकाळी दहाला आणि संध्याकाळी पाचला तिच्याकडे जायचे, तेव्हा "हो", "नको", "बरं" यापलीकडे तिची गाडी जायची नाही. ती तशी आधीपासूनच मुखदुर्बळ. पण आता ब्याऐंशी वर्षांची बाई धक्क्याजवळच्या घरात एकटी राहते, पडली-झडली तर फोनवर सांगणार काय आणि कसं? म्हणून मी खरं ते लिहिलं.

मग उत्तर आलं. बोलण्याची तपासणी करायला एक बाई येणार होत्या. देलिनाला समोरच्याचं समजतं आणि आपलं सांगता येतं असं त्यांना दिसलं तर ती घरी राहणार. नाही दिसलं तर तिला वृद्धाश्रमात हलवणार. आमच्या फ्रेंच बोलणाऱ्या उपसागराच्या काठी वृद्धाश्रम एकच, आणि तिथे जागा मिळवायची म्हणजे कुणीतरी मरायची वाट बघत दोन वर्षं बसायचं. मोकळी खाट होती ती दीड तासावरच्या इंग्रजी गावात. तिथे देलिनाला तिच्या बोलीत 'पाणी हवं का' एवढंही विचारणारं कुणी नाही. मी गेले होते मदत मागायला आणि बहिणीला घराबाहेर काढायची सोय करून बसले.

मी थकले होते, हे आधीच सांगून टाकते. अडुसष्ट वर्षांची आहे मी. गुडघे कामातून गेलेत, नवरा जाऊन सहा वर्षं झालीत, आणि माझं घर चर्चच्या टेकाडावर, देलिनाचं खाली पाण्याकाठी. दिवसातून दोनदा तो उतार उतरायचा आणि दोनदा चढायचा. थकलेलं माणूस अर्ज भरताना फार विचार करत नाही.

आमच्याकडे आडनाव विचारण्यात अर्थ नसतो. चार-पाच आडनावांत सगळा उपसागर आटोपतो. म्हणून बापाचं आणि आज्याचं नाव लावायचं. ती मांदच्या सिरियाकची देलिना. मी खरं तर मांदच्या सिरियाकची झिता, पण मला सगळे मास्तरीण म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणतात असं मी बरीच वर्षं समजत होते.

आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते आणि देलिना अठराची. आईला पुरलं त्याच्या पुढच्या सोमवारी देलिना मासळीच्या कारखान्यात कामाला लागली, ती चव्वेचाळीस वर्षांनी तिथून उठली. हेरिंग मासा चिरायचा, खारवायचा, धुरीवर टांगायचा, सुकला की कातडी सोलून लाकडी पेट्यांत भरायचा. बोटांना धुराचा पिवळा रंग चढला तो निवृत्त झाल्यावरही उतरला नाही. रविवारी चर्चमध्ये बाकावर बसलं की तिच्या अंगाला वास यायचा. मी सात-आठ वर्षांची असेन, हळूच हातभर सरकून बसायचे. तिने ते पाहिलं असणार. पुढच्या रविवारी मात्र ती माझी वेणी तितक्याच निगुतीने घालायची.

तिला मागणीही आली होती. ओनेझिम नावाचा देखणा सुतार होता, होड्या बांधायचा. तो बॉस्टनकडे कारखान्यात निघाला, हिला म्हणाला, चल. ही गेली नाही. का गेली नाही याबद्दल घरात कुणी अवाक्षर काढलं नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊक होतं. मी दहा वर्षांची होते आणि वडील दिवसचे दिवस समुद्रावर असायचे. ओनेझिमने तिकडे एका आयरिश बाईशी लग्न केलं, आणि देलिना जन्मभर हेरिंगच्या टेबलाशी उभी राहिली.

मला पंधरावं संपल्यावर तिने मला नन्सच्या निवासी शाळेत घातलं. "आपल्या घरातल्या एकीचे तरी हात कोरडे राहू देत," असं ती वडिलांना म्हणाली होती. शाळेत पहिल्याच आठवड्यात मला कळलं की मला फ्रेंच येत नाही. तोवर मी दुसरं काही बोलतच नव्हते.

आम्ही समुद्रावरची माणसं. बुटाची नाडीसुद्धा होडी धक्क्याला बांधायच्या शब्दानेच बांधतो. मोटारीत बसत नाही, होडीत चढावं तसे चढतो. दार लावत नाही, जाळं ओढावं तसं ओढून घेतो. आणि 'आम्ही' म्हणायची आम्हाला सवयच नाही. 'मी'च म्हणायचं आणि क्रियापद अनेकवचनी लावायचं, म्हणजे चार बायका मिळून कामाला गेल्या तरी 'मी गेलो'. शब्दाच्या शेवटचा नाकातला 'ओं' आम्ही तोंडभर 'आऊं' करतो. नन्सना हे सगळं गावंढळ वाटायचं. गंमत अशी की पुस्तकी फ्रेंचमध्ये नव्वदला 'चार विसा आणि दहा' म्हणतात, बाजारात अंडी मोजावीत तसं, आणि आमची म्हातारी माणसं एका शब्दात सरळ नव्वद म्हणतात. तरी अडाणी आम्हीच.

तोंड उघडलं की वर्गात हशा व्हायचा. मी पहिले काही दिवस रडले आणि मग कंबर कसली. तीन महिन्यांत अशी तयार झाले की नाताळला घरी आले ती नवं तोंड घेऊन. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होते. घरातल्यांनाही जमेल तसं सुधारायला घेतलं. जेवताना देलिना कारखान्यातली काहीतरी हकीकत सांगत होती. तिला मी तीन-चारदा मध्येच थांबवून नीट वाक्य सांगितलं. तिने ते माझ्यामागून म्हटलं. वडील हसले. कुणीतरी सांगायला हवंच होतं, असं मला तेव्हा वाटलं आणि पुढे कित्येक वर्षं वाटत राहिलं.

मग मी गावच्याच शाळेत फ्रेंच शिकवायला लागले. उपसागराच्या काठच्या निम्म्या माणसांच्या वह्या माझ्या लाल शाईने रंगलेल्या आहेत. एका उन्हाळ्यात शिक्षकांच्या शिबिरात एका प्राध्यापकाने सांगितलं की तुमची बोली बिघडलेली नाही, जुनी आहे. चारशे वर्षांपूर्वी तुमचे पूर्वज फ्रान्समधल्या ज्या खेड्यांतून निघाले तिथे लोक असंच बोलत. फ्रान्सने नंतर आपलं बोलणं बदललं आणि तुम्हाला कळवायचं राहिलं. सगळे हसले. मी ते वहीत टिपून घेतलं आणि मुलांना कधीच सांगितलं नाही. परीक्षेत त्याला गुण नव्हते.

तपासणीची बाई नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आली. सोलेन तिचं नाव, तिशीची, फ्रान्समधून नोकरीसाठी इकडे आलेली. दारातच बूट काढून मोज्यांवर आत आली, ते मला आवडलं. ती बोलायला लागली तेव्हा कानाला बरं वाटलं. मी जन्मभर जे शिकवायची धडपड केली ते या पोरीच्या तोंडून नळातल्या पाण्यासारखं येत होतं. मी पाठ ताठ केली आणि प्रत्येक शब्द निवडून बोलू लागले. शेजारच्या खुर्चीवर देलिना इस्त्रीचा झगा घालून, केस विंचरून बसली होती.

"आजी, तुमचं नाव सांगाल का मला?" सोलेनने विचारलं.

"देलिना," देलिना म्हणाली. शब्द जरा जड आला, पण आला. "सिरियाकची. मांदच्या..."

"पूर्ण नाव सांग, देलिना," मी म्हणाले. "आडनाव. मेलांसों."

देलिनाने माझ्याकडे पाहिलं आणि नुसती मान डोलावली.

"त्यांचं त्यांना सांगू द्या," सोलेन मऊ आवाजात म्हणाली. मग तिने चित्रं काढली. पहिल्या चित्रात एक माणूस वाकून बुटाची नाडी बांधत होता. "हा काय करतो आहे?"

देलिनाने चित्र पाहिलं, मग मला पाहिलं. तिच्या जिभेवर कोणता शब्द आलाय ते मला पक्कं ठाऊक होतं. माझी मान हलली असावी. देलिना गप्प राहिली. दुसरं चित्र, तिसरं चित्र, तेच. मग सोलेनने शंभरातून सात वजा करायला सांगितले. देलिनाचे ओठ 'नव्वद आणि तीन' म्हणायला हलले, आणि मी मदत म्हणून हळूच पुटपुटले, "चार विसा आणि तेरा." सोलेनचं पेन थांबलं. देलिनाने दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले आणि त्यानंतर एक शब्द काढला नाही.

बूट चढवता चढवता सोलेन मला म्हणाली, "समजण्यात बरीच अडचण दिसते आहे. पण मी एका भेटीवर काही लिहीत नाही. पुढच्या मंगळवारी परत येईन. आजारपणाआधी त्या कशा बोलायच्या?"

"फारच कमी. पहिल्यापासून."

तिने ते लिहून घेतलं.

तेव्हा माझ्या डोक्यात जे आलं ते जन्मभर शिकवण्याचं काम केलेल्या बाईच्याच डोक्यात येऊ शकतं. सात दिवस हातात आहेत, म्हणजे अभ्यास होऊ शकतो. मी माळ्यावरून शाळेतली जुनी चित्रांची कार्डं काढली, पुसली, आणि ब्याऐंशी वर्षांच्या बहिणीला नीट फ्रेंच शिकवायला घेतलं. रोज सकाळी दहा ते बारा, स्वयंपाकघरातल्या टेबलावर.

"म्हण. 'तो माणूस बुटाची नाडी बांधत आहे.'"

पहिल्या दिवशी तिने म्हटलं, पुटपुटत का होईना. दुसऱ्या दिवशी निम्मंच म्हटलं. मी गोड बोलले, मग कडक झाले, मग पुन्हा गोड बोलले. जी मुलं कधीच पास होणार नसतात त्यांच्याशी मी असंच वागायचे. तिसऱ्या दिवशी ती माझ्या तोंडाकडे बघत बसली. शनिवारी तिने माझ्या हातातलं चित्र घेतलं आणि टेबलावर पालथं घातलं.

माझा तोल गेला. "तुला त्या इंग्रजी गावात जायचंय का? तिथे मरायचंय तुला? मी एकटीने किती म्हणून करायचं? सांग की! एवढं तरी बोल!"

"नाय," ती म्हणाली.

मी घरी गेले आणि कोट न काढता तासभर खुर्चीत बसून राहिले. रागसुद्धा धड येत नव्हता, इतकी दमले होते.

सोमवारी शेवंड धरायचा हंगाम सुरू झाला. पहाटेच सगळे पुरुष पिंजऱ्यांनी होड्या भरून समुद्रावर गेले, आणि दरवर्षीप्रमाणे त्या दिवशी गावात नुसत्या बायका आणि काळजी उरली. आमचा अभ्यास चालू होता तेवढ्यात मार्सलीन दार ढकलून आत आली, हातात रापुरचा, किसलेल्या बटाट्यात कोंबडी घालून भाजतात त्याचा, गरम ट्रे. मार्सलीन आणि देलिना तीस वर्षं कारखान्यात एकाच टेबलाला समोरासमोर उभ्या होत्या. हिची जीभ हेरिंग चिरायच्या सुरीपेक्षा धारदार.

"काय गं मास्तरीण, अजून शाळा सुटली नाय?" तिने ट्रे चुलीवर ठेवला. "म्हातारीला पाचवी पास करून सोडतेस काय?"

"चेष्टा करू नकोस, मार्सलीन. उद्या ती बाई येणार आहे. हिला बोलता आलं पाहिजे."

"कुणाला?"

"देलिनाला. कुणाला म्हणजे काय?"

मार्सलीनने आधी माझ्याकडे पाहिलं, मग देलिनाकडे. देलिना खिडकीतून बाहेर बघत होती. "हिला?" मार्सलीन म्हणाली. "अगं माझा कान ठणकतो रोज. सकाळी सातला फोन करते, आठपतुर सोडत नाय. काल त्या नव्या पाद्र्याचं असं काय सांगितलंन, माझी कवळी चहात पडली."

"झटक्याच्या आधीचं सांगतेस तू."

"कालचं म्हटलं ना! झटक्यापासनं जरा अडखळते, म्हणून तर तास लागतो. आधी अर्ध्या तासात उरकायची." मग ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "आख्ख्या कारखान्यात हिच्यासारखी बोलणारी नव्हती. ही सुट्टीवर असली की त्या दिवशी आम्हाला टेबलाला उभं राहवायचं नाय. तुला ठाऊक नाय व्हय?"

मला ठाऊक नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला ते पटलंही नाही. मार्सलीन मुंगीचा देवमासा करते हे सगळ्या उपसागराला माहीत आहे. मी देलिनाला विचारलं, "खरं आहे का हे?"

"ही कायपण बोलते," देलिना म्हणाली. एवढं लांब वाक्य मी तिच्या तोंडून कित्येक आठवड्यांत ऐकलं नव्हतं.

मार्सलीन जाताना दारात थांबली. "मास्तरीण, मी असू समद्याजणी अडाणी," ती म्हणाली. "मुक्या नाय." आणि दार ओढून घेऊन गेली.

मंगळवारी सोलेन आली, बूट काढून बसली. मी माझी खुर्ची देलिनाजवळ ओढली. चित्रं बाहेर निघायच्या आत देलिना म्हणाली, "झिता, तू भायेर जा."

"काय?"

"भायेर जा. सरपण किती हाय ते बघ."

"अगं, तुला मदत लागेल. काही अडलं तर..."

देलिनाने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती सोलेनला म्हणाली, सरळ अरे-तुरेवर येऊन, जशी ती पाद्र्यालाही बोलते, "हिला घालव बरं, पोरी. हिच्याम्होरं माझं तोंड उघडत नाय. तू परकी हायस. तुझी काय लाज?"

सोलेन माझ्याकडे बघत राहिली. मी उठले. कोट घेतला की नाही ते आठवत नाही. नसावा, कारण बाहेर फार थंडी वाजली होती.

सरपणाची खोली स्वयंपाकघराला लागून आहे, मध्ये नुसत्या फळ्या. मी ओंडक्यांवर बसले. आधी नुसती कुजबुज ऐकू आली, मग हळूहळू आवाज मोकळा झाला. शब्द अडखळत होते, एखादा शोधावा लागत होता, पण ती थांबत नव्हती. चित्रांची उत्तरं तिने कधी दिली कुणास ठाऊक, ती केव्हाच कारखान्यात जाऊन पोचली होती.

"मी होतो धा जणी त्या टेबलाला. आन तो तपासणीवाला साहेब आला, पांढरे हातमोजे घालून. हेरिंगच्या कारखान्यात पांढरे हातमोजे! मी तर बघतच राहिलो समद्या. मार्सलीन मला म्हणते, ह्याचं लगीन हाय काय आज..."

सोलेन हसली. मग तिने एका शब्दाचा अर्थ विचारला. देलिनाने सांगितला. सोलेनने तो शब्द म्हणून पाहिला. "आसं नाय गं," माझी बहीण म्हणाली, "तोंड मोठं कर. आऊं. नाकात काय गुणगुणतेस? आऊं. हां, आता कसं!" आणि दोघी हसल्या. देलिनाचं हसणं जरा वाकड्या तोंडाचं होतं, पण होतं पोटातून आलेलं.

मला हेवा वाटला. थंडीत कुडकुडत लाकडांवर बसलेल्या अडुसष्ट वर्षांच्या बाईला आपल्या बहिणीच्या हसण्याचा हेवा वाटला, आणि तो वाटतोय याची लाज वाटली. हा आवाज मी ओळखत होते. आई गेल्यानंतर मला झोपवताना ती अशी बोलायची. कारखान्यातल्या सगळ्यांची सोंगं काढायची आणि मी गोधडीत तोंड खुपसून हसायचे. हे मी इतकं विसरले होते की मार्सलीनने सांगितलं तरी मला आठवलं नाही.

मग सोलेनने विचारलं, "तुमची बहीण म्हणाली, तुम्ही पहिल्यापासूनच कमी बोलता."

आत चुलीचं झाकण सरकवल्याचा आवाज आला.

"तिला काय ठावं," देलिना म्हणाली. "ती सोळाची व्हती तवापासनं मी तिच्याम्होरं गप हाय. लै शिकली ना ती. मीच शिकवली, माझ्या हातांनी. तिचं काय चुकलं नाय. पण बोलायला गेलं की ती मधी नीट करून देते. मग पुढचं सुचत नाय. मग म्हटलं, जाऊ दे. तिला कशाला तरास."

मी सोळाची होते त्याला बावन्न वर्षं झाली. बावन्न वर्षं मी लोकांना सांगत आले की माझी बहीण मुखदुर्बळ आहे, आणि लोक माझ्या तोंडाकडे बघायचे. ते का बघायचे हे मला त्या लाकडांवर बसून कळलं. मी तिथेच रडले. तोंडावर हात दाबून, कारण फळ्यांतून तिकडचं इकडे येतं तसंच इकडचं तिकडे जातं.

तासाभराने सोलेन बाहेर आली. डोळ्यांच्या कडा पुसत होती. "त्या घरी राहू शकतील," ती म्हणाली. "बोलताना थोड्या अडखळतात, तेवढंच. समज उत्तम आहे. फोनवर बोलायचा तर रोजचाच सराव दिसतोय." मग जरा घुटमळून म्हणाली, "अर्जावर तुम्ही जे लिहिलंय, ते बदलून लिहू का मी?"

"लिहा," मी म्हणाले.

ती गेल्यावर मी आत गेले. देलिना टेबल पुसत होती, डाव्या हाताने, उजव्याने कडेला धरून. तिने माझ्याकडे पाहिलं, माझे डोळेही पाहिले असणार, आणि फडकं पिळायला वळली. मोठ्या बहिणीची माफी कुठल्या भाषेत मागायची? पुस्तकी भाषेत मागितली असती तर ती शाळेतल्या निबंधासारखी झाली असती. मी आमच्या बोलीत बोलायला गेले.

"देलिना, त्या हातमोजेवाल्या सायबाचं मलापण सांग ना."

माझ्याच कानांना ते नकली वाटलं. वर्गात एखाद्या मुलाची नक्कल करून मी बाकीच्यांना हसवायचे, हुबेहूब तसंच. ती जीभ माझ्या तोंडातून कधी गेली, मला पत्ता लागला नाही.

देलिना वळली. "तू मधी बोलशील."

"नाही बोलणार. शप्पथ."

तिने फडकं दांडीवर वाळत टाकलं. मग हात पुसून समोरच्या खुर्चीवर बसली, पिवळी बोटं टेबलावर एकमेकांत अडकवली, आणि मी खरंच ऐकते आहे का ते पाहिलं. तिचं वाकडं तोंड थोडं हसरं झालं. खुर्चीत पुढे सरकून तिने सुरुवात केली.

"मी होतो धा जणी त्या टेबलाला..."

मी काही बोलले नाही. देवाशपथ, एक शब्द बोलले नाही. नुसते माझे ओठ हलले, आपसूक, आवाज न करता. 'आम्ही' म्हणायला जसे मिटतात तसे मिटले.

ती माझ्या ओठांकडेच बघत होती. बावन्न वर्षं ती तिथेच बघत आलेली असणार.

"राहू दे," देलिना म्हणाली आणि टेबलाचा आधार घेत उठली. "दमलीस तू. चहा टाकते."